फायलीचे दोन वाचक

‘निघतेय म्हणे.’ सेट-नेटवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एवढे दोन शब्द पडले, की महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत कपाटावरची फाईल खाली येते. काय निघतेय, हे सांगावे लागत नाही. मे २०१७ मध्ये राज्य सरकारने पदभरती थांबवली. नोव्हेंबर २०१८ मध्ये सहायक प्राध्यापकांची ३,५८० पदे भरायला परवानगी मिळाली. ती पुरती भरली जाण्याआधीच कोविड आला आणि भरती पुन्हा अडकली. उरलेल्या २,०८८ पदांसाठी वाट मोकळी व्हायला नोव्हेंबर २०२१ उजाडला. या चालू-बंदच्या खेळात एका अख्ख्या पिढीची तिशी तासिका तत्त्वावर गेली. या पद्धतीला सगळे सीएचबी म्हणतात. तास घ्यायचा, सही करायची, मानधन येईल तेव्हा घ्यायचे.

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी वनस्पतिशास्त्र शिकवणारी ती या पिढीतलीच. बी.एस्सी., एम.एस्सी., मग सेट, मग सह्याद्रीतल्या सड्यांवरच्या गवतांवर पीएच.डी. गवतावर पीएच.डी. म्हटल्यावर नातेवाईक हसतात. पण काससारख्या पठारांवर फुलांचे फोटो काढायला गर्दी लोटते, तेव्हा त्या फुलांच्या आजूबाजूला डायमेरिया आणि इस्किममच्या कितीतरी जाती उभ्या असतात आणि त्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, हे तिला एम.एस्सी.च्या सहलीतच खटकले होते. पुढची काही वर्षे तिने गुडघ्यावर बसून, डोळ्याला भिंग लावून काढली.

शेजारच्या जिल्ह्यातल्या एका अनुदानित कॉलेजची जाहिरात आली: सहायक प्राध्यापक, वनस्पतिशास्त्र, एक जागा, इतर मागासवर्ग, महिला. वेतन शैक्षणिक स्तर १०, म्हणजे सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये. अर्ज पंधरा दिवसांत. राखीव प्रवर्गातल्या उमेदवारांनी एक प्रत विद्यापीठाच्या आरक्षण कक्षाकडे पाठवावी. नोकरीत असल्यास योग्य मार्गे अर्ज करावा. मुलाखतीचा प्रवासभत्ता मिळणार नाही. अशा जाहिरातींची भाषा इतकी ठरलेली असते, की सराईत उमेदवार फक्त प्रवर्ग आणि तारीख बघतो.

तिची फाईल तेव्हा हाताच्या वितीएवढी जाड होती. चर्चासत्रांची प्रमाणपत्रे, ऑनलाइन कार्यशाळांची प्रमाणपत्रे, वृक्षारोपणाचे फोटो, कोविडच्या काळात घरबसल्या सोडवलेल्या प्रश्नमंजुषांची रंगीत प्रशस्तिपत्रे. यातले कोण वाचणार, हा प्रश्न तिला पडला नव्हता असे नाही. पण सगळेच लावतात म्हणून तीही लावत होती.

या सवयीला सुरुंग लावला तो विद्यापीठ अनुदान आयोगाच्या एका तक्त्याने. १८ जुलै २०१८ च्या अधिसूचनेत तो ‘३ ब’ या क्रमांकाने आहे आणि कॉलेजातल्या सहायक प्राध्यापकासाठी कोणाला मुलाखतीला बोलवायचे, हे ठरवण्यासाठी तो वापरतात. एकूण १०० गुण. पदवीला ८० टक्के किंवा त्याहून जास्त असतील तर २१, साठ ते ऐंशीच्या आत असतील तर १९. पदव्युत्तरला त्याच पायऱ्यांवर २५ आणि २३. पीएच.डी.चे २५. नेटबरोबर जेआरएफ असेल तर १०, नुसती नेट ८, सेट ५. शोधनिबंधांना प्रत्येकी २, पण कमाल ६. अध्यापनाच्या दर वर्षाला २, कमाल १०. पुरस्कारांचे ३.

तिने पाठकोऱ्या कागदावर स्वतःची बेरीज मांडली. १९ आणि २३ मिळून ४२, पीएच.डी.चे २५, सेटचे ५. इथवर ७२. यातले ४२ तर बाविसाव्या-तेविसाव्या वर्षीच ठरून गेलेले. पदवीच्या शेवटच्या वर्षी घरात आजारपण होते आणि टक्के घसरले, हे आता कोणत्याही प्रमाणपत्राने भरून निघणार नव्हते. राहिले काय? निबंधांचे सहा, अनुभवाचे दहा, पुरस्काराचे तीन. राज्य किंवा राष्ट्रीय पातळीचा पुरस्कार तिच्याकडे नव्हता. म्हणजे जी फाईल ती वर्षानुवर्षे फुगवत आली, तिच्यातून हलू शकणारे गुण सोळा. त्या सोळांसाठी वितीएवढी जाडी!

आणि त्याच अधिसूचनेत आणखी एक ओळ आहे, जी ग्रुपवर फारशी फिरत नाही: हे गुण फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरते, निवड मुलाखतीतल्या कामगिरीवरच. याचा अर्थ फायलीचे वाचक दोन. पहिला मोजतो. तो कॉलेजच्या कार्यालयात छाननीला बसलेला असतो, त्याच्यापुढे अर्जांचा गठ्ठा असतो आणि हातात तक्ता. दुसरा मुलाखतीच्या खोलीत बसलेला विषयतज्ज्ञ. तो तक्त्याकडे बघतही नाही, दोन-तीन पाने चाळतो आणि त्यातून प्रश्न काढतो. पहिल्याला पुरावा हवा, दुसऱ्याला माणूस. तिच्या फायलीतली बहुतेक पाने या दोघांपैकी कोणाच्याच कामाची नव्हती.

तीन शोधनिबंधांचे सहा गुण झाले की चौथ्याला शून्य. हे गणित इतके सोपे असूनही राज्यात शोधनिबंधांचा बाजार का फोफावला, याची कारणे वेगळी आहेत. पदोन्नतीचे गुण वेगळे मोजतात, संस्थेच्या मूल्यांकनासाठीच्या नॅकच्या अहवालाला आकडे लागतात, आणि ‘सर, आपला पेपर अजून नाही आला?’ हा प्रश्न स्टाफरूममध्ये कायमचा मुक्कामाला असतो. मग पैसे भरले की आठवडाभरात छापून देणारी नियतकालिके उगवली. आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी काढली, तर त्या यादीतच तण माजले. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातले भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठांनी सुचवलेली १,००९ नियतकालिके तपासली. २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके निकृष्ट ठरली. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढून टाकली आणि वर्षाखेरीस ‘केअर’ यादीची घोषणा केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती केअर यादीही बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. नियतकालिकाची पारख आता ज्याने त्याने, म्हणजे संस्थेने, करायची.

उमेदवाराच्या दृष्टीने या सगळ्याचा अर्थ अगदी व्यवहारी होता. ज्या दिवशी लेख छापून आला, त्या दिवशी नियतकालिक यादीत होते का? असेल तर दाखवणार कसे? यादी बदलत गेली आणि आता तर गेलीच. तिच्याकडे पाच निबंध होते. त्यांतल्या दोन नियतकालिकांची नावे आता कोणी उच्चारली तरी तिला कानकोंडे व्हायचे. तिने ते दोन निबंध अर्जातून काढले. हा निर्णय सोपा नव्हता, कारण ‘पाच’ हा आकडा दिसायला बरा. पण उरलेले तीन गवतांवरचे होते, समकक्ष तज्ज्ञांनी तपासलेले होते, आणि सहा गुण तिन्हींतच पुरे होत होते. प्रत्येक निबंधाचे पहिले पान, त्यामागे नियतकालिकाच्या समीक्षा-पद्धतीची माहिती आणि त्या काळातल्या यादीतल्या नोंदीचा जुना छापील कागद तिने लावला. तो कागद तिने तेव्हा सहज म्हणून काढून ठेवला होता. सीएचबीवाल्यांना कागद जपायची सवय लागते. दर जूनमध्ये पुन्हा सगळे द्यावे लागते ना.

अनुभवाचे दहा गुण मात्र तिला सगळ्यांत महाग पडले. पैशाने नव्हे, चपला झिजवून.

सीएचबीची नेमणूक शैक्षणिक वर्षापुरती असते. जुलै-ऑगस्टमध्ये आदेश निघतो, परीक्षेच्या सुमारास संपतो. मग हे ‘एक वर्ष’ मानायचे की आठ-नऊ महिने? आयोगाची टीप सांगते, की वर्षापेक्षा कमी कालावधी असेल तर त्या प्रमाणात गुण कमी करावेत. काही कार्यालये सत्र पूर्ण म्हणजे वर्ष पूर्ण धरतात, काही महिने मोजत बसतात. त्यात आणखी एक अट असते: नेमणुकीला विद्यापीठाची मान्यता हवी. मान्यतेचे पत्र कॉलेजकडे येते, शिक्षकाच्या हातात त्याची प्रत पडेलच असे नाही. ज्या वर्षी मागितली नाही, त्या वर्षीची प्रत राहिलेली असते. ज्या कॉलेजात तिने सुरुवातीची दोन वर्षे काढली होती, तिथल्या कार्यालयात ती गेली तेव्हा तिथले भाऊसाहेब बदलले होते आणि जुन्या फायली वरच्या मजल्यावरच्या खोलीत गेल्या होत्या.

‘मॅडम, तुमचं वर्ष कुठलं? आमच्या हेडक्लार्कांनी रिटायर होताना सगळं बांधून ठेवलंय, पण गठ्ठ्यांवर वर्ष नाही टाकलं.’

पत्र मिळाले. कसे मिळाले हे सांगण्यासारखे आहे: पगारपत्रकाच्या गठ्ठ्यात, कारण मान्यता आल्याशिवाय मानधनाचे बिल जात नाही, म्हणजे बिलाला ते पत्र जोडलेले असणारच, हे तिच्या लक्षात आले. ही युक्ती तिने नंतर ग्रुपवर टाकली. तिथे नोकरीचे टोमणे आणि सुविचार सोडून उपयोगाचे काही क्वचितच येते.

दरम्यान जातीच्या आणि नावाच्या कागदांचे वेगळेच चालले होते. पदवी माहेरच्या नावाने, पीएच.डी. सासरच्या. मधे राजपत्रात नावबदल छापलेला, त्याची प्रत लावायची. जातीचा दाखला आणि पडताळणीचे प्रमाणपत्र वडिलांच्या जातीवरून मिळालेले. नॉन-क्रीमीलेअरचा दाखला मात्र मुदतीचा, मार्चअखेरीस संपणारा. लग्न झालेल्या बाईचेही उत्पन्न तिथे आईवडिलांचे बघतात, नवऱ्याचे नाही. त्यामुळे तिशी ओलांडलेली, स्वतः शिकवणारी, पोरांची आई असलेली ही बाई वडिलांच्या उत्पन्नाचे कागद गोळा करायला माहेरच्या तहसिलात गेली. वडील शेतकरी. त्यांना या सगळ्याचे मोठे अप्रूप वाटले. ‘अजून माझ्याच नावावर चाललंय व्हय तुझं?’ असे म्हणून ते सातबारा काढायला स्वतःहून तलाठ्याकडे गेले.

याच सुमारास तिची एक जुनी वर्गमैत्रीण अमेरिकेत पोस्ट-डॉक संपवून तिकडच्या छोट्या कॉलेजांत अर्ज करत होती. दोघींचे रात्री बोलणे व्हायचे. तिकडे अर्जात एक सविस्तर पत्र, बायोडाटा, अध्यापनाविषयीचे निवेदन, संशोधनाविषयीचे निवेदन आणि तिघांची शिफारसपत्रे मागतात. कागद कमी, लिहिणे जास्त. आपल्याकडे उलटे. मैत्रिणीने विचारले, तुमच्याकडे शिफारस नाही का लागत? लागते की, ही म्हणाली, फक्त ती कागदावर नसते.

हा विनोद अर्धाच आहे. मुलाखतींच्या बाहेर बसलेल्या उमेदवारांत जागेच्या ‘रेट’ची चर्चा चालते, आकडे लाखांत असतात, आणि त्यातले खरे किती, ऐकीव किती हे बोलणाऱ्यालाही सांगता येत नाही. काही मुलाखती नुसत्या उपचाराच्या असतात, असे सगळेच गृहीत धरतात; कोणत्या, हे मात्र आधी कळत नाही. तिचे म्हणणे असे, की जिथे ठरलेले नसेल तिथे आपली फाईल कच्ची असू नये. एवढाच तिचा हिशेब, आणि त्यात खोट काढता येत नाही.

फाईल कशी लावावी, हे तिला शिकवले ते तिच्याच कॉलेजातल्या ओएसनी. कार्यालय अधीक्षक हा माणूस छाननीला अनेकदा बसलेला असतो. त्याला कोणी काही विचारत नाही. ते म्हणाले, ‘मॅडम, मी पान वाचत नाही. अर्जात लिहिलंय एम.एस्सी. ६४ टक्के, तर त्यासमोर जोडपत्राचा नंबर बघतो, तिथं जातो, टक्के जुळले की पुढं. नंबर नसला की अर्ज बाजूला. वेळ असला तर परत घेतो.’ वेळ असला तर! त्या संध्याकाळी तिने सगळी फाईल जमिनीवर उलटी केली. तक्त्याचा जो क्रम, तोच जोडपत्रांचा क्रम. पदवी, पदव्युत्तर, पीएच.डी., सेट, निबंध, अनुभव. प्रत्येक पानावर उजव्या कोपऱ्यात पृष्ठक्रमांक, अर्जातल्या प्रत्येक दाव्यासमोर तोच क्रमांक. पहिल्या पानावर स्वतःच मांडलेली गुणांची बेरीज, शेजारी पुराव्याचे पान. अनुभवाच्या रकान्यात तिने महिने लिहिले, वर्षे नव्हे. कार्यालयाला वर्ष धरायचे असेल तर धरू दे. श्रेणी पद्धतीतल्या गुणपत्रिकेसोबत टक्केवारीत रूपांतर करण्याचे विद्यापीठाचे सूत्र जोडले, नाहीतर तिथेच वाद होतो. प्रश्नमंजुषा, वृक्षारोपण, प्रशस्तिपत्रे सगळी बाहेर. जाडी तिसऱ्या हिश्शावर आली.

फाईल पातळ झाल्यावर तिला भीती वाटली, हेही खरे. शेजारच्या स्टाफरूममधल्या सरांनी ती हातात धरून वजन केले आणि म्हणाले, एवढीच?

दुसऱ्या वाचकासाठी तिने दोनच गोष्टी लिहिल्या. जाहिरातीने न मागितलेले एक पानी पत्र आणि एक यादी. पत्रात आयुष्याचे ध्येय वगैरे काही नव्हते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवा अभ्यासक्रम आला आणि मुख्य विषयाबरोबर कौशल्याचे पेपर, खुले ऐच्छिक, भारतीय ज्ञान प्रणाली असे बरेच काही विभागांच्या गळ्यात पडले. माणसे कमी आणि पेपर जास्त, ही बहुतेक कॉलेजांची आजची अडचण. तिने त्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात काय काय चालते हे बघितले आणि आपण यातले कोणते पेपर शिकवले आहेत, कोणते पहिल्या सत्रापासून घेऊ शकतो, रोपवाटिकेचा कौशल्य पेपर कॉलेजच्या बागेत कसा चालवता येईल, एवढे लिहिले. नॅकच्या तिसऱ्या निकषाची माहिती आपण सलग भरली आहे, हे एका वाक्यात. प्राचार्य कोणतेही असोत, या वाक्यावर त्यांची नजर थांबते.

यादी होती तिने गोळा केलेल्या गवतांच्या वाळवलेल्या नमुन्यांची: शास्त्रीय नाव, ठिकाण, तारीख, आणि असेल तिथे गावातले नाव. मारवेल, पवना, कुसळी. ही यादी तक्त्यात कुठेच बसत नाही. तिला गुण नाहीत. तरी ती तिने शेवटी न लावता निबंधांच्या लगेच मागे लावली.

मुलाखतीचे पत्र आले. समितीत संस्थेचे प्रतिनिधी, प्राचार्य, विभागप्रमुख, कुलगुरूंनी नेमलेले आणि बाहेरचे विषयतज्ज्ञ. त्याआधी फळ्यापाशी दहा मिनिटांचा नमुना तास. बहुतेकांनी स्लाइड्स आणल्या होत्या. तिने नेच्यातील पिढ्यांचे एकांतरण निवडले आणि वाटेत एका जुन्या बांधावरून नेच्याची दोन पाने तोडून आणली. पानाची मागची बाजू वर करून तिने पहिल्या रांगेतल्या तज्ज्ञांच्या हातात दिली. तिथे तपकिरी ठिपक्यांच्या ओळी होत्या. यातून बीजाणू पडतो, त्यातून नखाएवढेही नसलेले, हृदयाच्या आकाराचे हिरवे प्रोथॅलस उगवते, ते स्वतंत्र जगते आणि आपण त्याला शेवाळ समजून पुसून टाकतो, असे सांगत तिने फळ्यावर चक्र काढले. एकगुणित कुठे, द्विगुणित कुठे, हे तिने विद्यार्थ्यांना विचारतात तसे समितीलाच विचारले. एका सदस्यांना ते फारसे रुचलेले दिसले नाही. दुसऱ्यांनी उत्तर दिले आणि ते चुकले, तेव्हा खोलीत पहिल्यांदा कोणीतरी हसले.

विषयतज्ज्ञांनी फाईल उघडली ती थेट त्या यादीवर. ‘गवत ओळखायला पोरांना शिकवता कसं? वर्गात तर सगळी गवतं सारखीच दिसतात.’ ती म्हणाली, घरून सुरुवात करते, सर. शेतकऱ्यांची पोरं असतात. वैरणीतलं कुसळी कुठलं हे त्यांना माझ्याआधी माहीत असतं, कारण पायमोज्यात टोचतं. ते आणायला सांगते, मग भिंगाखाली कुसळ कुठून आलं ते बघतो, तिथून कणिशिका, तिथून वर्गीकरण. पुढचा बराच वेळ दोघे सड्यांवरच्या चराईविषयी बोलत राहिले. बेरजेचा विषयच निघाला नाही. प्राचार्यांनी तेवढे नॅकविषयी विचारले.

निवड दुसऱ्या उमेदवाराची झाली. तिच्याकडे जेआरएफ होती आणि नमुना तासही तिने चांगला घेतला होता, असे हीच सांगते. बाहेर बसून हिने तो दारातून ऐकला होता. हिचे नाव प्रतीक्षा यादीत पहिले. काही आठवड्यांत सोलापूरकडच्या एका कॉलेजची जाहिरात आली, खुल्या प्रवर्गाची. आता जातीच्या कागदांची गरज नव्हती. अनुक्रमणिका तीच राहिली, पत्राचे पान नवे लिहिले, विभागाचे पेपर बदलले. जाहिरातीत लिहिले होते, अर्ज रजिस्टर पोस्टानेच पाठवावा. पोस्टातल्या बाईंनी पाकीट तोलून सांगितले की १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले आहे, वेगळे काही मिळणार नाही. तिने स्पीड पोस्ट केले, पावतीचा फोटो काढून त्या कॉलेजच्या कार्यालयाला ईमेलने पाठवला, आणि सोबत टपाल खात्याच्या त्या बदलाची सूचनाही जोडली, पृष्ठक्रमांक टाकून.